मधला पट्टा

पट्टा जळाला होता.

मधलीनं तो बांधावरूनच पाहिला आणि हातातली पिशवी तिथेच खाली ठेवली. एरवी बसमधून उतरली की ती आधी घरी जायची, तोंडावर पाणी मारायची, आबांना ऐकू जाईपर्यंत दोन-तीनदा ‘मी आले’ म्हणायची आणि दोन भावांपैकी कुणीतरी दुसऱ्यासाठीचा निरोप हातावर ठेवेपर्यंत जरा टेकायची. आज पायच शेताकडे वळले. आईला पोचवून ती परत गेली त्याला सव्वा महिना झाला होता. एवढे दिवस ती आपल्या शिवणकामाच्या दुकानात लोकांची मापं घेत होती, काजं करत होती, बाह्या उसवत होती आणि मनाशी म्हणत होती, आई नाही पण आईचा पट्टा तरी आहे.

डाव्या हाताला थोरल्याची भेंडी होती, बेताच्या उंचीची, अंगानं भरलेली. उजव्या हाताला धाकट्याची, डोक्याएवढी वाढलेली, काळपट हिरवी. दोन्हीकडे सगळं ठीक होतं. मध्ये आईच्या चार सऱ्या, आणि त्या चारही सऱ्यांतली पानं कडेनं करपून आत वळली होती, शेंड्यांनी माना टाकल्या होत्या. बुडाशी चिखल होता. काल-परवा कुणीतरी पाणी सोडून सोडून पाहिलं होतं. चिखलात दोन माणसांच्या पावलांचे ठसे होते, डावीकडून आलेले आणि उजवीकडून आलेले, आणि ते कुठेही एकमेकांना भेटत नव्हते.

झाडांवर भेंड्या मात्र तशाच होत्या. बोटभर असताना तोडायच्या, त्या वीतभर वाढून, वाळून, लाकूड होऊन बसल्या होत्या. आई गेली त्या दिवसापासून या पट्ट्यातली एकही भेंडी कुणी तोडली नव्हती.

मधलीला दोन्ही फोन आठवले.

पहिला थोरल्याचा होता. “मधले, आईचा पट्टा पिवळा पडायला लागलाय गं. मी खत घालतो जरा. कोंबडखत घालतो, चांगलं कडक. पण त्याला बोलू नकोस. लगेच म्हणेल, दादाचा पट्ट्यावर डोळा आहे.” दुसरा धाकट्याचा, त्याच आठवड्यातला. “ताई, आईची झाडं उपाशी आहेत. दादाला काय त्याचं, त्याची स्वतःची हिरवी आहेत ना. मी युरिया टाकतोय, हात आखडता घेणार नाही. पण तू त्याला सांगू नकोस. त्याचा बिनयुरियाचा माल घेणाऱ्या त्या दुकानवाल्यांच्या कानावर गेलं की माझ्या नावानं शंख व्हायचा.”

दोन्ही वेळा ती “बरं” म्हणाली होती. दुसरा फोन ठेवल्यावर तर मशीनवर डोकं टेकून रडलीही होती, आनंदानं. दोघांनाही आईची एवढी माया आहे, हे एकमेकांना कळलं तर किती बरं होईल, असं तिला वाटलं होतं. सांगितलं मात्र कुणालाच नाही. ज्याचं त्याचं पोटात ठेवायचं, हीच तिची या घरातली नेमणूक होती.

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात. इथे उलटंच झालं. दोन घरांनी पाहुण्याला एकमेकांच्या चोरून पोटभर वाढलं आणि पाहुणा खाऊन मेला.

घराच्या ओट्यावर बैठक आधीच बसली होती. मधला पट्टा आता कुणी कसायचा, हे आज ठरायचं होतं. थोरला एका टोकाला खांबाला टेकून, धाकटा दुसऱ्या टोकाला पायरीवर, आणि मध्ये आबांची खुर्ची. पूर्वी तिथे आईही बसायची. एक बोलायचा तो आईकडे बघून, दुसरा उत्तर द्यायचा तोही आईकडे बघून. ‘आई, त्याला सांग, फाटक लावून घे.’ ‘आई, त्याला सांग, फाटक लावलंय.’ हातभर अंतरावरून चाललेलं हे टपाल पाहून आलागेला माणूस हसू दाबायचा. आई हसत नसे. ती निरोप पोचवायची, फक्त पोचवताना त्यातला कडूपणा वाटेत कुठेतरी सांडून यायची.

हे सगळं हळद्या रोगाच्या वर्षापासूनचं. त्या वर्षी भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, भेंड्याही पांढरट निघाल्या आणि गाडीभर माल बाजारातून परत आला. थोरला म्हणाला, तुझ्या पोत्यातल्या खतानं झाडं माजली, माशी तुझ्याकडे वाढली आणि मग माझ्याकडे आली. धाकटा म्हणाला, तू फवारत नाहीस, शेणाच्या भरवशावर बसतोस, रोग तुझ्याकडेच पोसला जातो. दोघांचंही थोडं खरं होतं, म्हणून भांडण मिटलं नाही. शेत वाटलं गेलं, चूल वाटली गेली, आणि बोलणं तर वाटून घ्यायलाही उरलं नाही. लोक एकाला शेणवाला म्हणू लागले, दुसऱ्याला पोतंवाला. तेव्हा आईनं दोन वाटण्यांच्या मध्ये चार सऱ्या स्वतःसाठी मागून घेतल्या. “मध्ये मी असते,” एवढंच ती म्हणाली होती.

आणि एका दुपारी भेंडी तोडून ती ओट्यावर टेकली, ती उठलीच नाही.

“आलीस?” थोरला म्हणाला. “बघितलंस?”

“बघितलं.”

“मग विचार त्याला, काय टाकलं ते.”

धाकटा पायरीवरून हलला नाही. “ताई, दादाला सांग, मी जे टाकतो ते माझ्या सगळ्या शेतात टाकतो. माझं शेत नाही जळलं.”

“काय म्हणतात?” आबांनी विचारलं. त्यांना उजव्या कानानं थोडं ऐकू यायचं आणि डाव्यानं सोयीचं तेवढंच.

मोठी वहिनी त्यांच्या कानाशी वाकली. “खताचं बोलतायत, आबा.”

“कसलं खत? वाटणीचं? ते झालं की मागेच.”

कुणी हसलं नाही. धाकट्याच्या बायकोनं आतून पाण्याचा तांब्या आणला आणि कुणी मागितला नसताना सगळ्यांच्या मध्ये ठेवला.

“म्हणजे टाकलंच,” थोरला खांबाकडे बघत म्हणाला. “आईच्या पट्ट्यात पांढरा दाणा टाकला. जिनं जन्मात कधी तो हातात धरला नाही, तिच्या पट्ट्यात. अगं, ती माझं खत न्यायची. दर पेरणीला, माझ्यासमोर, पाट्या भरून. म्हणायची, तुझ्या खताला मातीचा वास येतो.”

धाकट्यानं मान वळवून पहिल्यांदा सरळ भावाकडे पाहिलं. बोलला मात्र बहिणीशीच. “ताई, दादाला विचार, तो शुद्धीवर आहे ना. आई माझ्याकडून न्यायची खत. स्वतःचा डबा घेऊन यायची. मीच भरून द्यायचो. म्हणायची, तुझं कसं लगेच लागू पडतं.”

“खोटं आहे.”

“खोटं बोलायला मी काय तिच्या वाटणीवर डोळा ठेवून बसलोय?”

मग दोघंही थांबले आणि दोघांनी एकदमच मधलीकडे पाहिलं. अशी नजर तिला ओळखीची होती. लहानपणी कुणी आधी मारलं हे सांगायलाही तिलाच मध्ये उभं करत. तेव्हा ती म्हणायची, मी नाही बघितलं. आज तिच्या तोंडून ते निघेना.

“दोघांचंही खरं आहे,” ती म्हणाली. “निम्मं-निम्मं घालायची ती. आधी दादाचं, मग याचं. मला म्हणाली होती, नुसत्या शेणावर झाड उशिरा उठतं आणि नुसत्या पोत्यावर लवकर बसतं.”

“आणि तू मला बोलली नाहीस.”

“तिनंच बोलू नको म्हटलं होतं, दादा. तुझ्या दुकानवाल्यांमुळे. शेजारच्या सरीत दाणा दिसला तर तुझा माल घ्यायचे नाहीत, म्हणून टाकला की लगेच माती ओढून झाकायची ती. आणि हा चिडेल म्हणून तुझं खतही झाकायची.”

थोरल्याचा चेहरा पडला. एवढा मोठा माणूस, पण सगळ्यांसमोर ओठ चावत बसला. या भांडणात एवढी वर्षं तो एका गोष्टीवर तग धरून होता की आई आपल्या बाजूची आहे. बोलत नसेल, पण आहे. मधलीला कळलं, की धाकटाही नेमका त्याच गोष्टीवर तग धरून होता. आई दोघांचीही होती, ही गोष्ट एरवी कुठल्याही घरात सांगावी लागत नाही. इथे ती ऐकून दोघांच्याही पायाखालची जमीन सरकली. तिला भावांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त दया आली.

“म्हणजे ती माझ्या बाजूची नव्हती,” थोरला हळूच म्हणाला.

“माझ्यापण नव्हती मग,” धाकटा म्हणाला.

तांब्यातलं पाणी कुणी प्यायलं नाही.

आता एवढं उघडं पडलंच होतं, तर उरलेलंही सांगून टाकावं म्हणून मधलीनं दोन्ही फोनचं सांगितलं. कोंबडखत कच्चं होतं का, तिनं थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, जरा कच्चंच होतं, कुजू द्यायला वेळ कुठे होता, झाडं डोळ्यांदेखत पिवळी पडत होती. धाकट्याला विचारलं, किती टाकलंस. तो म्हणाला, नेहमीच्या दुप्पट. आईचं म्हणून.

“ती निम्मं घालायची,” मधली म्हणाली. “तुम्ही दोघांनी पूर्ण घातलं. एकाच आठवड्यात.”

“अति तिथे माती,” मोठी वहिनी पुटपुटली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “आणि भूक तरी कुठे होती झाडांना?”

थोरल्यानं डोळे मिटून मान हलवली. “नव्हती. दुसऱ्याच्या शेतात मी हे लांबून ओळखलं असतं. भेंडी तोडली नाही की झाड बी धरतं, बी धरलं की त्याचं काम संपतं. मग ते पिवळं पडतं. त्याला खत नको असतं, तोडणी पाहिजे असते. सगळं आयुष्य भेंडीत गेलं माझं.”

“मग तोडली का नाहीस?”

“हात लावला असता तर हक्क सांगितल्यासारखं झालं असतं.”

“मी गेलो होतो एकदा तोडायला,” धाकटा म्हणाला. “तिची पाटी तिथेच होती, बांधावर पालथी. ती उचलवेना. परत आलो.”

बी शिल्लक आहे का, हा प्रश्न धाकट्याच्या बायकोनं काढला आणि सगळे एकदम ताठ बसले. आईची भेंडी बुटकी, पाच धारांची, अंगावर नको तेवढी लव असलेली. बाजारात तिला कुणी विचारत नसे. पण लग्न होऊन आली तेव्हा आई ते बी स्वतःच्या आईकडून घेऊन आली होती आणि दर वर्षी धरत आली होती. जवळपास दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं. मोठी वहिनी म्हणाली, बियांचा डबा रिकामा आहे, यंदा त्यांनी झाडून सगळं पेरलं होतं. म्हणजे आता जे काही होतं ते त्या जळक्या झाडांवरच होतं.

सगळेच उठले. आबांना कुणी काही सांगितलं नाही, तरी त्यांनीसुद्धा पायांत चपला सरकवल्या. मग वहिनीनं त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं.

बांधावर मधलीची पिशवी तशीच पडली होती. तिनं ती उघडली. आत शर्टांच्या कापलेल्या बाह्या होत्या. फुल शर्टाचा हाफ करून न्यायला लोक यायचे आणि उरलेल्या बाह्या ती आईसाठी साठवायची, तोडणीच्या वेळी हातांवर चढवायला, भेंडीच्या लवेनं खाज सुटू नये म्हणून. आजही भरून आणल्या होत्या. कुणासाठी, हा विचार बस सुटेपर्यंत तिच्या मनात आलाच नव्हता. तिनं दोन थोरल्याला दिल्या, दोन धाकट्याला. दोघांनी निमूट चढवल्या. थोरल्याच्या दंडाला शिवण उसवली.

तोडायला दोघं दोन टोकांनी लागले. सवयीनं थोरला डावीकडून, धाकटा उजवीकडून. वाळक्या भेंड्या कडकड मोडत होत्या आणि झाडं मुळांसकट हातात येत होती. मुळं तपकिरी, मऊ पडलेली. प्रत्येक झाडाला थोरला ते परत मातीत उभं करून बघायचा, आणि ते आडवं व्हायचं. धाकट्यानं दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा तो दुसरीकडे बघू लागला. दोघं मधल्या बांधापाशी येऊन पोचले तेव्हा ओंजळीतल्या भेंड्या दोघांनीही आईच्याच पाटीत टाकल्या, एकमेकांचा हात लागणार नाही अशा बेतानं.

ओट्यावर येऊन बायकांनी भेंड्या फोडल्या. वरून लाकूड झालेल्या, पण आत कितीतरी ठिकाणी बी पांढरं, चिमटलेलं. अजून थोडे दिवस झाड जगलं असतं तर भरलं असतं, असं मोठी वहिनी म्हणाली, आणि मग म्हणायला नको होतं असं तिला वाटलं. काळसर, टणक असं बी निवडून मधलीनं पाण्याच्या बादलीत सोडलं. पोकळ बी तरंगतं, भरलेलं बुडतं. सगळे बादलीभोवती वाकले. बी तरंगत राहिलं. पाण्यावर त्याचा करडा थर झाला. धाकट्यानं बोटानं थर बाजूला सारला.

तळाशी होतं. थोडंसं, पण होतं.

मधलीनं ते फडक्यावर पसरलं. एका सरीपुरतं असेल. ती त्याकडे पाहत राहिली. तोडली असती तर हे बी धरलंच नसतं, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. दोघांच्या मायेनं झाडं मारली आणि दोघांच्या अबोल्यानं बी राखलं. आईनं हे ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

“मधले,” थोरला म्हणाला, “त्याला सांग, बी त्यानंच ठेवावं. धाकटा आहे तो. आईचा लाडका.”

“ताई, दादाला सांग, मोठ्याकडेच असू दे. मी नाही घेणार.”

“सांग त्याला, मी आधीच पट्टा घालवलाय.”

“मीपण घालवलाय, सांग त्याला.”

मधलीनं दोघांकडे पाहिलं. हा चांगुलपणा तिला ओळखू आला. भेंड्या न तोडण्याचा चांगुलपणा तो हाच. ‘तू घे, तू घे’ करत हे बीही फडक्यावर पडून राहील, मग त्याला कीड लागेल, आणि पुढच्या वर्षी दोघं तिला फोन करून सांगतील, त्याला बोलू नकोस.

तिनं फडकं जमिनीवर दोघांच्या मध्ये ठेवलं आणि मागे सरकून आबांच्या खुर्चीशी बसली.

“मी कुणाला काही सांगणार नाही,” ती म्हणाली. “शिंपीण आहे मी, टपालवाली नाही. आई निरोप पोचवून पोचवून गेली. मला नाही तसं जायचं. तुम्हीच सांगा एकमेकांना.”

ती रडत होती, आणि ते लपवायचा प्रयत्न तिनं केला नाही. धाकटा हातावरची बाही उतरवून तिची घडी घालत बसला. घडी झाली, तरी पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

“दादा,” तो म्हणाला.

हळद्याच्या वर्षानंतर हा शब्द त्यानं भावाच्या तोंडावर उच्चारला नव्हता. थोरल्यानं मान वर केली नाही. “हं.”

“आईला तू किती द्यायचास?”

“सरीला दोन पाट्या. पेरायच्या आधी. शेणखत, पूर्ण कुजलेलं. कच्चं कधी नाही दिलं रे तिला. तू?”

“पेरताना नाही. रोप वीतभर झालं की एकदा, फुलं लागली की एकदा. बुडापासून चार बोटं लांब. पाच झाडांना एक मूठ.”

“मूठ कुणाची?”

धाकटा घुटमळला. “तिची. मी डबा भरून द्यायचो, टाकायची ती.”

त्यानं स्वतःची मूठ वळून पाहिली. थोरल्यानंही वळली, ती तर फावड्याच्या पात्याएवढी. मग दोघांनी मधलीच्या हाताकडे पाहिलं. तिनं हात पुढे केला आणि मूठ वळली, पण तिला माहीतच होतं. तिचा हात बापावर गेला होता. आयुष्यभर तिनं गळ्यात टेप अडकवून येईल त्याचं माप घेतलं, आणि आईच्या हाताचं माप घ्यावं असं तिला कधी सुचलं नाही.

“काय म्हणतात?” आबांनी विचारलं.

मोठी वहिनी वाकली. “आईंची मूठ केवढी होती, विचारतायत.”

हे त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं. मांडीवरचा उजवा हात त्यांनी उचलला, बोटं वळवली, पण मिटली नाहीत. आत जागा ठेवली.

“माझ्या हातात मावायची,” ते म्हणाले. “एवढी.”

धाकटा आत गेला आणि पोत्यातला ओंजळभर युरिया घेऊन आला. खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसून, आबांच्या अंगठ्याशी जी फट होती तिच्यातून तो दाणे आत सोडू लागला, हळूहळू. म्हाताऱ्याची बोटं सैल पडली नाहीत. ती पोकळी लवकर भरली. सगळ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा लवकर.

“बास,” आबा म्हणाले. “एवढीच होती.”

थोरल्यानं वाटी आणून त्यांच्या हाताखाली धरली, पण आबांनी मूठ उघडली नाही.